मी लाकडाचा, मला काय होतंय

आमच्या घरात माणसं तीन. मी, हे आणि एक लाकडी. तिघांत जास्त बडबड कोणाची असं कुणी विचारलं की पाहुणे हसून माझ्याकडे बघतात. बघोत बापडे. पण बोलायचा तो लाकडीच. मी आपली मधूनमधून एवढंच म्हणायची, की अहो, आता त्याला पेटीत घाला आणि जेवायला या, अन्न निवतंय.

हे शब्दभ्रमाचे कार्यक्रम करतात. मांडीवर बाहुला घेऊन बसायचं, त्याच्या पाठीतून हात घालून जबडा हलवायचा, आणि बोलायचं मात्र आपणच, स्वतःचे ओठ जरासुद्धा न हलवता. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की बाहुलाच बोलतोय. शाळा, संमेलनं, वाढदिवस, जिथे बोलावतील तिथे हे दोघे जायचे. बाहुल्याला सगळे आगाऊ म्हणतात. हे नाव त्याला कुणी ठेवलं नाही, त्यानं स्वतःच्या तोंडानं कमावलं.

आगाऊला घडवला माझ्या थोरल्या दिरांनी. भाऊजी सुतार. मोडलेल्या पलंगाच्या जाडजूड पायातून त्यांनी ह्याचं डोकं काढलं, जबड्याला खिळी घातली आणि नाक मुद्दाम थोडं वाकडं ठेवलं, म्हणजे चेहऱ्यावर नेहमीच काहीतरी खोडी सुचल्यासारखं वाटावं. त्यामुळे आगाऊ त्यांना बाबा म्हणायचा, ह्यांना काका आणि मला काकू. आम्हाला मूल नाही. मला काकू म्हणणारं घरात तेवढं एकच, आणि तेही पेटीत झोपणारं.

सासू-सासरे लवकर गेले. ह्यांना वाढवलं भाऊजींनीच, आणि ही कला शिकताना ह्यांचा आरसाही तेच होते. हातात रंधा, पुढ्यात फळी, पण एक डोळा धाकट्याच्या तोंडावर. ह्यांचा ओठ कणभर जरी हलला तरी भाऊजी शब्द बोलत नसत. आपल्या ओठावर बोट आपटत, एकदाच, टक्. म्हणजे हलला. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. मी लग्न होऊन आले तेव्हाही हे चालूच होतं. त्यांच्या सुतारकामाच्या गाळ्यात चहा घेऊन गेले की भाऊजी ओठावर बोट ठेवायचे आणि मला वाटायचं, मलाच गप्प बसायला सांगतायत. चांगला महिनाभर मी त्यांच्यासमोर तोंड उघडलं नाही. पुढे खरं कळलं आणि त्या महिन्याची भरपाई मी केली, असं हे म्हणतात.

दुसरा नियमही भाऊजींचाच. पहिल्या कार्यक्रमात ह्यांनी आगाऊला अवघड प्रश्न विचारून हरवलं, तर लोक नुसतेच बसून राहिले. घरी आल्यावर भाऊजी म्हणाले होते, लाकडाला हरवून माणसाला कसला मोठेपणा? तू हर, त्याला जिंकू दे. तेव्हापासून आगाऊ कधी हरला नाही. प्रेक्षकांतून कुणी टोमणा मारला की दुसऱ्या क्षणाला आगाऊचं उत्तर तयार. हे इतके मवाळ, दूधवाल्याशी घासाघीस करता येत नाही, पण आगाऊ हातात आला की मोठमोठ्या साहेबांची बोलती बंद.

आणि भाऊजी कुणाच्या बापाचं ऐकत नसत. ऐकत ते फक्त आगाऊचं. जाऊबाई गेल्यावर त्यांनी सिगारेटी फार वाढवल्या. डॉक्टरांनी सांगून झालं, मी रडून झालं, पालथ्या घड्यावर पाणी. मग एकदा जेवायला आले असताना आगाऊ त्यांच्या मांडीवर बसेना. म्हणाला, बाबा, तुला धुराचा वास येतो, मला आग लागेल. आम्ही सगळे हसलो, सगळ्यांत जास्त भाऊजी हसले. डोळे पुसत घरी गेले आणि त्या दिवसापासून सिगारेट बंद. परत कधी नाव काढलं नाही.

हे मी एवढं सविस्तर सांगतेय, कारण पुढचं सगळं ह्याच्यावरच उभं आहे.

साथ आली तेव्हा ह्यांचे कार्यक्रम पहिल्या आठवड्यातच बंद पडले. त्याचं काही वाटलं नाही, दोन माणसांना लागतं किती. काळजी होती ती भाऊजींची. जन्मभर भुसा ओढून छातीचा भाता झालेला, जिना चढताना दोनदा थांबायचे. त्यात राहणार एकटे, गाळ्याच्या वरच्या खोलीत, आणि गाळ्याचं दार दिवसभर सताड उघडं. पत्ते कुटायला दोन मित्र रोज हजर, एक घड्याळजी आणि एक रिटायर झालेला ड्रायव्हर. तिघेही तोंडं उघडी टाकून कामाच्या टेबलाभोवती बसायचे. मी फोन करून ओरडले की म्हणायचे, हो हो, लावतो. म्हणजे लावणार नाहीत, हे लहान पोरालाही कळलं असतं.

अशात आरोग्य खात्यातल्या एक बाई घरी आल्या. दारातच उभ्या राहिल्या, आत यायला तयार नाहीत. बिचाऱ्या बोलून बोलून घसा बसलेल्या. म्हणाल्या, आमची भाषणं कुणी ऐकत नाही, लोक दोन वाक्यांत फोन बंद करतात. हसवत हसवत सांगणारं काहीतरी हवंय. हात धुवा, लांब उभे राहा, मास्क लावा, एवढंच, पण आगाऊच्या तोंडून. ह्यांनी त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत हो म्हटलं. मी म्हटलं, अहो, विचार तरी करा. तर बाई गेल्यावर मला म्हणाले, "त्या दाखवू देत सगळ्या शहराला. मी एकट्या दादासाठी करतोय."

पुढच्या खोलीत कपाटावर चादर टांगली. फोन धरायचं काम माझ्याकडे. मी माझ्या जुन्या उशीच्या अभ्र्यातून चार मास्क शिवले होते, एकाच निळ्या कापडाचे. एक ह्यांना, एक मला, एक भाऊजींना आणि हाताएवढा एक आगाऊला. दोघांना मास्क लावून पहिल्यांदा चित्रण केलं आणि बघायला बसलो, तर काय दिसावं? तोंड झाकलेला माणूस आणि तोंड झाकलेलं लाकूड. कोण बोलतंय तेच कळेना. ज्या जबड्यानं आगाऊ जिवंत व्हायचा तो कापडामागे, आणि ज्या न हलणाऱ्या ओठांसाठी ह्यांनी जन्म घालवला तेही कापडामागे. मी म्हटलं, मास्क लावून तर हे काम मीसुद्धा करेन. ह्यांना ते लागलं.

मग ह्यांनीच तोड काढली. हे मास्क लावतील, आगाऊ लावणार नाही. हे समजावतील, तो वाद घालेल, आणि शेवटी एकदाचा लावेल. बाईंनाही पटलं. माणसानं उपदेश करायचा आणि बाहुल्यानं त्याची फजिती करायची, हाच तर ह्यांचा धंदा.

व्हिडिओ झाला मात्र झकास, ते नाकारून चालणार नाही. हे म्हणतात, लाव रे मास्क, आजारी पडशील. आगाऊ मान वाकडी करून म्हणतो, "मी लाकडाचा, मला काय होतंय!" हे म्हणतात, जंतू नाकातून जातात. तो म्हणतो, माझ्या नाकात वाळवी जाते, ती काय मास्क बघून परत फिरते? असं बराच वेळ चालतं, आणि प्रत्येक वेळी ह्यांना निरुत्तर करून तो वरच्या पट्टीत तेच म्हणतो. मी लाकडाचा, मला काय होतंय. अगदी शेवटी हे म्हणतात, तू लाकडाचा आहेस, पण मी नाही, काकू नाही, बाबा नाही. मग आगाऊ थोडा विचार करतो आणि निमूट मास्क लावून घेतो. फोन धरलेला माझा हात हसून हसून हलत होता, चित्र हललेलं अजून दिसतं त्यात. बाईंनी दारातून बघितलं आणि त्याही हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसले म्हणाल्या.

साथीच्या दुप्पट वेगानं तो व्हिडिओ पसरला. ज्याच्या त्याच्या फोनवर आगाऊ. दोन दिवस आम्ही हवेत होतो. तिसऱ्या दिवशी मी किराणा आणायला रांगेत उभी राहिले. पुढच्या माणसाला मास्क नव्हता. दुकानदारानं हटकलं, तर तो छाती पुढे काढून म्हणाला, मी लाकडाचा, मला काय होतंय. अख्खी रांग हसली. दुकानदारही हसला आणि त्याला सामान दिलं. घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, एखादा असतो असा. एखादा कसला, सगळीकडे तेच चाललं होतं. पोरं खेळताना म्हणत होती, टॅक्सीवाले म्हणत होते. आणि कुणा महाभागानं शेवटचा तुकडा कापून टाकला होता. आगाऊ मास्क लावतो तो भागच नाही. वाळवीपाशीच संपतं.

आणि आमचे भाऊजी? ज्याच्यासाठी केला अट्टाहास, तो गडी येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून फोन दाखवत होता, बघा माझा पोरगा कसा बोलतो. मी मास्कचं विचारलं, तर म्हणाले, "अगं, जन्मभर लाकूडच खाल्लंय मी. आता मीही लाकडाचाच की." आणि स्वतःच हसले. हसता हसता खोकले.

बाईंचा फोन आला. चिडल्या नव्हत्या, आवाज फक्त फार दमलेला. म्हणाल्या, दोष कुणाचाच नाही, मीही हसलेच होते. आमच्याकडचा आम्ही काढून टाकला, पण बाकीचे कसे काढणार? भुसा वाऱ्यावर गेला की गोळा होतो का? त्यांची विनंती एकच होती. नवीन व्हिडिओ करा, आणि त्यात आगाऊला हरवा. सरळ हरू दे, चूक कबूल करू दे.

आम्ही बसलो. हे विचारायचे, आगाऊ, चुकलास ना? आगाऊ म्हणायचा, चुकलो, पण तुझ्याशी ओळख केली तेव्हाच. पुन्हा. आगाऊ, आजारी पडलास ना? पडलो, तुझं बोलणं ऐकून. मी डोक्याला हात लावला. म्हटलं, अहो, तुम्हीच बोलताय ना ते, मग बोलता कशाला? हे खरोखर रडकुंडीला आले होते. म्हणाले, अगं, तो समोरून प्रश्न आला की उत्तर आपोआप येतं, मला कळायच्या आधी येतं. मी त्या लाकडाला उचलून पेटीत कोंबलं आणि पेटीवर बसले. राग काढायचा कुणावर? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

शेवटी मीच म्हटलं, चुलीत जाऊ दे व्हिडिओ. आपण भाऊजींकडे जाऊ. आगाऊला मास्क लावून नेऊ आणि दारातून सांगायला लावू. सिगारेट सुटली, तसं हेही होईल. ह्यांचा चेहरा उजळला. वाटेत आगाऊचं वाक्य त्यांनी दहादा घोकलं, वाद नाही, विनोद नाही, एवढंच म्हणायचं, बाबा, मी लावलाय, तूही लाव.

गाळ्याच्या दारात आम्ही उभे राहिलो. आत तेच तिघे, पत्ते मांडलेले, लाकडाचा वास, जमिनीवर भुश्याचा थर. भाऊजींनी आगाऊला बघितलं आणि त्यांचं तोंड फुललं. आगाऊ म्हणाला, "बाबा, मी लावलाय. तूही लाव." बास, एवढंच. अगदी घोकल्यासारखं. भाऊजींचं हसू ओसरलं. निळ्या कापडात झाकलेला तो वाकड्या नाकाचा चेहरा ते बघत राहिले, जसे सिगारेट सुटली त्या दिवशी, हसून झाल्यावर, बघत राहिले होते. मग उठले, दारापर्यंत आले, मी लांबूनच त्यांचा मास्क पुढे केला, आणि त्यांनी घेतला. हातात घेऊन त्याच्या दोऱ्या सरळ केल्या. मी देवाचं नाव घेतलं.

तेवढ्यात मागून घड्याळजी म्हणाले, काय आगाऊराव, वाळवीला घाबरलात वाटतं?

त्यांच्या मनात पाप नव्हतं. टिंगल करायची म्हणून केली. पण टोमणा आला. ह्यांच्या हाताला आणि घशाला तेवढंच कळतं, टोमणा आला की उत्तर गेलं पाहिजे. मी ह्यांचा दंड धरायच्या आत कापडामागून आगाऊ कडाडला, "घाबरतो कसला? मी लाकडाचा, मला काय होतंय!"

गाळा हसण्यानं दणाणला. ड्रायव्हरनं टेबलावर थाप मारली, पत्ते उडाले. आणि भाऊजी सगळ्यांपेक्षा जास्त हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग त्यांनी चष्मा काढला आणि मी शिवलेल्या त्या निळ्या मास्कनं काचा पुसल्या, सावकाश, दोन्ही बाजूंनी. पुसून तो खिशात घातला आणि पत्ते गोळा करायला वळले.

परत येताना हे आगाऊला छातीशी धरून नुसते चालत राहिले. मी मात्र बोलले. काय काय बोलले ते आता आठवायचं नाही मला. घरी येऊन ह्यांनी आगाऊला पेटीत ठेवलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसले. तेव्हा मला त्यांची इतकी दया आली, की मी बोलायचं थांबवलं. तसं मी सहसा करत नाही.

घड्याळजींना ताप आला, मग ड्रायव्हरला, मग भाऊजींना. पहिले दोघे उठले. भाऊजींना दवाखान्यात न्यावं लागलं, आणि तिथे नातेवाइकांना दारापलीकडे सोडत नव्हते. स्ट्रेचरवरून जाताना त्यांनी ह्यांच्याकडे हात केला, तो 'ये' असा होता की 'जा' असा, ह्यावर हे आजही विचार करत बसतात.

तिथल्या सिस्टरचा फोन यायचा. कोवळा आवाज, पण धीराची मुलगी. तिनं एकदा सांगितलं की आजोबा ऑक्सिजनचा मास्क तोंडावर ठेवतच नाहीत, आम्ही वळलो की ओढून काढतात. श्वास पुरत नाही त्यांना, तो मास्क राहिला तरच काही आशा आहे. आम्ही सगळं करून बघितलं. मग म्हणाली, "तो व्हिडिओतला बाहुला आहे ना, त्याचं वाक्य म्हणतात हो. म्हणतात आणि काढतात."

ह्यांनी फोन माझ्या हातात दिला. मीच तिला सांगितलं, की तो बाहुला आमचा. ती म्हणाली, मग त्यालाच आणा. दुपारी मी त्यांच्यासमोर फोन धरते, तुम्ही इकडून बोला.

ह्यांनी पेटी उघडली. आगाऊला निळा मास्क लावला. मी म्हटलं, जबडा दिसणार नाही. हे म्हणाले, नको दिसू दे. खुर्चीत बसून त्याला मांडीवर घेतलं. फोन मी शेजारी बसून धरला, पडदा दोघांनाही दिसेल असा. घरात ह्यांच्या तोंडावर काही नव्हतं. मागे कपाटावरची चादर तशीच टांगलेली.

पडद्यावर भाऊजी आले. मी त्यांना ओळखलं ते कपाळावरून. दाढी वाढलेली, गाल आत गेलेले, आणि ऑक्सिजनचा मास्क गळ्याशी ओढलेला. छाती नुसती उडत होती. आगाऊला बघून डोळे तेवढे हसले. सिस्टरनं मास्क उचलून त्यांच्या तोंडावर बसवला, त्यांनी तिला बसवू दिला, पण त्यांचा हात लगेच तिकडे निघाला.

"बाबा," आगाऊ म्हणाला, "मी हरलो."

भाऊजींचा हात थांबला. आगाऊच्या तोंडून हा शब्द त्यांनी जन्मात ऐकला नव्हता.

"मी खोटं बोललो. लाकडाचा मी आहे. तू नाहीस, बाबा. तो काढू नकोस."

आवाज आगाऊचाच होता. पण ह्यांचे ओठ हलत होते. थरथरत होते, वाकडे होत होते, एखाद्या पोराचे होतात तसे, आणि हे सगळी ताकद लावून ते मिटून धरायला बघत होते. इतक्या वर्षांत मी ह्यांचे ओठ असे उघड्यावर कधी बघितले नव्हते. शेवटचा शब्द तर आगाऊच्या आवाजात सुरू झाला आणि ह्यांच्या आवाजात संपला.

भाऊजींचा हात पुन्हा उठला. सलाईनची नळी लोंबत होती त्याला. मला वाटलं, आता काढणार. सिस्टरलाही तेच वाटलं, तिचा हात मध्ये आला. पण भाऊजींनी एक बोट वेगळं केलं, आणि त्या पारदर्शक मास्कवर, जिथे त्यांचे ओठ होते तिथे, आपटलं. एकदाच.

सिस्टरला काय कळणार. ती घाबरून विचारू लागली, त्रास होतोय का, काय सांगतायत आजोबा? पण आम्हा दोघांना कळलं. ह्यांनी मान खाली घातली, नाक पुसलं, सरळ बसले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. बाबा, मी हरलो. पुन्हा ओठ हलला. पुन्हा बोट, टक्. पुन्हा पहिल्यापासून. सिस्टरला दुसऱ्या पेशंटकडे जायचं होतं, तिनं फोन कशालातरी टेकवून ठेवला आणि गेली, आणि त्या दोघांची तालीम चालू राहिली. सगळा वेळ मास्क जागच्या जागी होता. हाताला दुसरं काम मिळालं होतं.

मग रोज दुपारी तेच. सिस्टर म्हणाली, आजोबा आता मास्कला हात लावत नाहीत, दुपारची वाट बघतात. हे सकाळपासून आरशासमोर बसायचे. मला म्हणायचे, दादासमोर एकदा तरी नीट जमलं पाहिजे. मी म्हणायची, जमेल. आणि मनात म्हणायची, नको जमू दे रे देवा, रोज चुकू दे ह्यांचं, रोज हलू देत ओठ, म्हणजे ते बोट रोज वर येईल. पण बोट दिवसेंदिवस जड होत चाललं होतं. आधी आपटायचं, मग नुसतं टेकायचं, मग मास्कपर्यंत पोचायला उशीर लावायचं. मला दिसत होतं. फोन माझ्या हातात होता, मी जवळून बघत होते. ह्यांचं सगळं लक्ष आपल्या ओठांकडे.

त्या दुपारी उन्हाची तिरीप त्यांच्या उशीवर पडली होती. डोळे अर्धे उघडे, आगाऊकडेच. मास्क तोंडावर नीट बसलेला. ह्यांनी सुरू केलं. बाबा, मी हरलो. मी खोटं बोललो. लाकडाचा मी आहे, तू नाहीस. ओठ हलत होते, नेहमीपेक्षा जास्तच हलत होते. बोट आलं नाही. हे पुढे बोलत गेले, काढू नकोस बाबा, इथपर्यंत आले, कधी नव्हे ते शेवटपर्यंत पोचले. तरी बोट आलं नाही. त्या मास्कच्या आतल्या बाजूला श्वासाची वाफ धरायची, ती मी रोज बघायची. ती धरत नव्हती.

पलीकडे कुठूनतरी सिस्टर धावत येत असल्याचा आवाज झाला. ह्यांचं तिकडे ध्यान नव्हतं. पाठीवरचं मोठं ओझं उतरल्यासारखे ते माझ्याकडे वळले. चेहरा लहान पोरासारखा झालेला.

"दादानं आज बोट नाही लावलं," हे म्हणाले. "नाही ना हलले आज ओठ?"

मी फोन छातीशी उलटा धरला, त्यांना पडदा दिसू नये म्हणून.

"नाही," मी म्हटलं. "अजिबात नाही हलले."